परसातली भट्टी

आमच्या घराच्या मागच्या अंगणात सिमेंटची एक भट्टी आहे. छातीइतकी उंच, समोर लोखंडी झडप, वर आखूडसं धुराडं. घर घेतलं तेव्हा मला वाटलं, आधीचे लोक अंगणात काहीतरी भाजत असावेत. शेजारच्या आजींनी सांगितलं, "अगं, ही कचरा जाळायची भट्टी. आमच्या लहानपणी घरोघरी होती. संध्याकाळी जाळायचं काम माझ्याकडे असायचं." आता तिच्यावर माझी तुळशीची कुंडी आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत माझ्या मामेभावाचा मुंबईहून फोन आला आणि ही भट्टी पुन्हा आठवली. त्याचं दादरला मिसळ-वडापावचं दुकान आहे. पाव येतो जवळच्या एका जुन्या लाकडाच्या भट्टीतून. त्याच जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं होतं. बेकरीवाला हवालदिल, आणि त्याच्यामुळे आमचा भाऊही. "ताई, तू तिकडे लॉस एंजेलिसला राहतेस ना? तुमच्याकडे म्हणे हवा साफ केली. मग तिथल्या बेकऱ्या बंद पाडल्या का?"

प्रश्न रागाचा होता, पण चांगला होता. फोनवर मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. मग चार-पाच रविवार त्यात गेले. त्याला लिहिलेलं लांबलचक पत्रच थोडं साफसूफ करून इथे टाकते आहे. घरातल्या मंडळींनी "पुन्हा अमेरिका-पुराण!" म्हणू नये, शेवटी आपण दादरलाच पोचणार आहोत.

तर २६ जुलै १९४३. युद्ध चालू. लॉस एंजेलिसच्या मध्यभागी भरदिवसा असं धुरकं उतरलं की तीन चौकांपलीकडचं दिसेना. डोळे चुरचुरतायत, घसा जळतोय. काही लोकांना वाटलं, जपान्यांनी विषारी वायू सोडला! मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या ॲलिसो स्ट्रीटवरच्या कारखान्यावर. त्याच्यावर बंधनं घातली, तरी धुरकं काही हटलं नाही. एकच खलनायक शोधायची ही हौस सगळीकडे सारखीच दिसते.

१९४७ साली राज्याने कायदा केला आणि लॉस एंजेलिस काउंटीत हवेच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारी संस्था स्थापन झाली. काउंटीच्या पातळीवरची अमेरिकेतली ही पहिलीच. पहिली काही वर्षं तिने तेलशुद्धीकरण कारखाने, ओतशाळा, कचऱ्याचे उघडे ढीग यांच्यामागे धावण्यात घालवली. ते बरोबरच होतं, पण डोळ्यांतलं पाणी थांबेना.

कोडं सोडवलं एका डच माणसाने. आरी हागेन-स्मिट. कॅलटेकमध्ये अननसाचा वास नेमका कशाचा यावर काम करत होता. (असलं संशोधन करायला मिळणं म्हणजे भाग्यच!) त्याने अननसाच्या वासासाठी वापरलेल्या थंड नळ्यांतून बाहेरची हवा ओढली, तर हाती आले उग्र वासाचे थोडेसे तपकिरी थेंब. त्यातून पुढे त्याने दाखवलं की पेट्रोलची वाफ आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर इथलं लख्ख ऊन पडलं की ओझोन तयार होतो. तीन बाजूंनी डोंगर, वर गरम हवेचं झाकण. मिश्रण तिथेच शिजत राहतं. म्हणजे ज्या उन्हासाठी लोक इथे राहायला आले, तेच यात सामील! आणि दोषी कोण, तर कारखान्यांबरोबर प्रत्येक गाडीवाला.

हे लोकांना पटवायचं कसं? माझ्या मते या संस्थेचा खरा इतिहास इथून सुरू होतो. चिमणीवाल्याला नोटीस देता येते. पण लाखो घरांतल्या संध्याकाळच्या सवयीला नोटीस कशी देणार?

आता माझ्या अंगणातल्या भट्टीकडे येते. त्या काळी काउंटीत अशा भट्ट्या १५ लाखांच्या घरात होत्या असं सांगतात. ओला कचरा वेगळा जायचा, त्यातला पुष्कळसा डुकरांच्या खाद्याला. पत्र्याचे डबे वेगळे. उरलेला कागद-पालापाचोळा घरीच जाळायचा. लोकांच्या दृष्टीने ही स्वच्छता होती, शिस्त होती. नीटनेटक्या घराची खूणच म्हणा ना. त्यामुळे "तुमच्या भट्टीने शहर आजारी पडतंय" हे ऐकून माणसं चिडली. कारखाने सोडून आमच्या मागे का लागता? हाच प्रश्न, शब्द न बदलता, मला सत्तर वर्षांनी दादरहून ऐकू आला.

१९५४ च्या ऑक्टोबरात धुरकं इतकं दाटलं की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पॅसाडेनात बायका गॅसचे मुखवटे घालून निषेधाला उतरल्या. १९५८ मध्ये बेव्हर्ली हिल्समधल्या बायकांनी 'स्टॅम्प आउट स्मॉग' नावाची संघटना काढली. म्हणजे आधी संस्था लोकांना समजावत होती, आता लोक संस्थेला धारेवर धरायला लागले. काउंटीच्या कारभारी मंडळातले केनेथ हान तर १९५३ पासून डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना पत्रं लिहीत होते. फोर्डकडून उत्तर आलं की गाडीचा धूर हवेत लगेच विरून जातो, त्याने प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाही. हानसाहेब चिवट. वर्षानुवर्षं लिहीत राहिले आणि तो सगळा पत्रव्यवहार त्यांनी छापून काढला.

१ ऑक्टोबर १९५७ पासून परसातल्या भट्ट्या बंद झाल्या. त्यासाठी नगरपालिकांना घरोघरचा कचरा उचलायची सोय उभी करावी लागली. नुसती बंदी घातली असती तर कचरा गेला असता कुठे? तरी कुरकुर संपली नव्हती. १९६१ च्या महापौराच्या निवडणुकीत सॅम यॉर्टी यांनी आश्वासन दिलं, कचरा वेगवेगळा करायची कटकट मी थांबवतो. गृहिणींना ते फार आवडलं आणि यॉर्टी निवडून आले! (आज तेच शहर कचरा तीन रंगांच्या डब्यांत वेगळा करतं. असो.)

हवेला काउंटीच्या हद्दी कळत नाहीत हे लक्षात आल्यावर १९७७ साली लॉस एंजेलिस, ऑरेंज, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या भागांची मिळून एक संस्था झाली. साउथ कोस्ट एअर क्वालिटी मॅनेजमेंट डिस्ट्रिक्ट. आम्ही सगळे नुसतं 'एक्यूएमडी' म्हणतो. काळा धूर सोडणारा ट्रक दिसला की तक्रार करायला तिचा १-८००-कट-स्मॉग हा फोन नंबर.

मी १९९१ मध्ये इथे आले तेव्हा या संस्थेची माझी पहिली ओळख झाली ती नकाशावरच्या टाचण्यांतून. शंभर किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक कंपनीने लोकांना एकत्र गाडीने, बसने यायला उद्युक्त करायचं असा नियम १९८८ पासून लागू होता. त्यासाठी कंपनीत एक प्रशिक्षित माणूस नेमायचा. आमच्याकडच्या बाईंनी भिंतीवर नकाशा लावून प्रत्येकाच्या घरी टाचणी टोचली होती. बहुतेक ठिकाणी उद्दिष्ट होतं, दर गाडीमागे दीड माणूस! त्या अर्ध्या माणसावरून आम्ही खूप हसलो. पण त्याच गाडीत मला माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी मिळाल्या. कंपन्यांना मात्र कागदपत्रांचा जाच वाटत होता. गाड्या थोड्याच कमी झाल्या, आरडाओरडा फार झाला आणि १९९५ मध्ये राज्याच्या कायद्यानेच अशी सक्ती मोडीत निघाली.

त्याआधी, १९९० मध्ये, कोळसा पेटवायच्या द्रवावर नियम आला होता. लोकांनी ऐकलं ते असं की आता बार्बेक्यू बंद! खरं तर नियम फक्त त्या बाटलीतल्या द्रवापुरता होता. कंपन्यांनी द्रव सुधारला आणि रविवारचे धूर चालूच राहिले. पण थट्टा व्हायची ती झालीच. नियम काय आहे यापेक्षा तो लोकांच्या कानावर कसा पडला, यावर किती अवलंबून असतं पाहा.

आणि हो, बेकऱ्या! भावाचा मूळ प्रश्न. १९९१ मध्ये इथे बेकऱ्यांसाठी खरंच नियम झाला. यीस्टमुळे पीठ फुगताना त्यात अल्कोहोल तयार होतं आणि भाजताना ते वाफेबरोबर बाहेर पडतं. ताज्या पावाच्या त्या वासाबरोबर तेही हवेत जाऊन धुरक्याला हातभार लावतं. ऐकून मला रडू की हसू कळेना. पण नियम मोठमोठ्या कारखानी ओव्हनना होता, त्यांनी ही वाफ जाळून टाकणारी यंत्रं बसवायची. गल्लीतल्या लहान पाववाल्याला त्यातून वगळलं होतं. मुंबईतली गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न धुराचा आणि त्यात जाळल्या जाणाऱ्या भंगार लाकडाचा आहे. तो धूर गल्लीतल्याच माणसांच्या छातीत जातो. त्यामुळे "आम्हालाही वगळा" एवढंच म्हणून चालणार नाही, हे मी भावाला स्पष्ट लिहिलं.

त्याच्या कामाची खरी गोष्ट पुढची आहे. ड्रायक्लीनिंगवाल्यांची.

आमच्या कोपऱ्यावर एका कोरियन जोडप्याचं दुकान होतं. इथली कितीतरी ड्रायक्लीनिंगची दुकानं कोरियन कुटुंबांची. नवरा-बायको दोघं बारा-बारा तास उभी. कपडे धुवायला पर्क नावाचं द्रावण, म्हणजे परक्लोरोएथिलीन. त्याच्यामुळे कर्करोगाचा धोका, आणि सगळ्यात जास्त धोका यंत्राशेजारी उभ्या असलेल्या त्यांनाच. २००२ च्या डिसेंबरात एक्यूएमडीने ठरवलं की २०२० सालच्या अखेरपर्यंत पर्कची यंत्रं टप्प्याटप्प्याने हद्दपार करायची. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्या बाई मला काउंटरवर म्हणाल्या होत्या, "यंत्राचं कर्ज अजून फिटलं नाही." यावर मला बोलायला काही सुचलं नाही. आईची पैठणी परत घेऊन गुपचूप घरी आले.

पण पुढे झालं ते असं. मुदत सहा महिन्यांची नव्हती, अठरा वर्षांची होती, म्हणजे यंत्र म्हातारं होईपर्यंतची. बदलणाऱ्यांना संस्थेने अनुदान दिलं. पुढे राज्यानेही पर्कच्या विक्रीवर शुल्क लावून त्यातून दुकानामागे १०,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिसरं. ऑक्सिडेंटल कॉलेजमधल्या केंद्राच्या मदतीने काही दुकानं पाण्याने धुण्याच्या नव्या पद्धतीवर आधी बदलली आणि बाकीच्या दुकानदारांना तिथे नेऊन दाखवली. अधिकाऱ्याच्या तक्त्यावर विश्वास बसत नाही तो आपल्यासारख्याच दुकानदाराच्या इस्त्रीवर बसतो. आमच्या बाईही असंच एक दुकान बघून आल्या. परत आल्यावर त्यांनी आधी एक कोट बिघडवला (माझ्या नवऱ्याचा), मग हात बसला. मात्र पैठणी त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. जर उलगडून दाखवली की मान हलवायच्या, "नो वॉटर." पैठणी आता मी मुंबईलाच नेते.

सगळंच असं गोड झालं असं नाही. व्हर्ननमध्ये एक्साइड कंपनीचा जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढायचा कारखाना होता. आजूबाजूला बॉइल हाइट्ससारख्या मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या वस्त्या. तिथले लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते. २०१३ मध्ये एक्यूएमडीच्या पाहणीतून बाहेर आलं की आर्सेनिकमुळे सुमारे १,१०,००० लोकांना कर्करोगाचा वाढीव धोका आहे. कारखाना कायमचा बंद व्हायला २०१५ उजाडलं, आणि अंगणांतली शिसं मिसळलेली माती मागेच राहिली. त्या लोकांपुढे कुठल्या तोंडाने माहितीपत्रकं वाटणार? २०१७ च्या राज्याच्या कायद्याने मग अशा वस्त्यांत रहिवाशांच्याच समित्या बसवल्या. हवा कुठे मोजायची, आधी काय करायचं, ते त्यांनी सांगायचं. ईस्ट लॉस एंजेलिस-बॉइल हाइट्स, विल्मिंग्टन, सॅन बर्नार्डिनो ही इथली पहिली तीन ठिकाणं. मी अशा एका बैठकीला मागे बसून आले. कानाला स्पॅनिश भाषांतराचे हेडफोन लावलेल्या एक आजी उठल्या आणि तीन मिनिटांची वेळ संपल्याची घंटा वाजली तरी बोलत राहिल्या. त्यांना कोणी थांबवलं नाही.

हे सगळं भावाला लिहून पाठवलं. आठवडाभर उत्तर नाही. मग फोन आला.

"ताई, सगळं वाचलं. बेकरीवाल्यालाही वाचून दाखवलं. तो विचारतो, आधी बदललेली एखादी बेकरी त्याला कोण दाखवणार? नोटीस घेऊन माणूस आला होता. दाखवायला कोणी आलं नाही."

मी म्हटलं, तुम्हीच शोधा. त्याने शोधली. अंधेरीकडे एकाने विजेवर घेतलंय म्हणे. एका सकाळी दोघं लोकलने गेले, चार लाद्या पाव घेऊन आले आणि दुकानात मिसळीबरोबर कोणाला न सांगता वाढले. दोघा जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं, "पाव बदलला का रे?" बाकीच्यांनी नेहमीसारखी जादा तर्री मागितली.