तेवीसच्या चार म्हणजे अठराची एक

मेढ्यात रिवाइंडिंगच्या दुकानावर पाच हॉर्सपॉवरची जळकी मोटार उतरली, की वाइंडर आधी छिन्नीने जुनी कॉइल तोडतो, टर्न मोजतो, तारेवरचं इनॅमल जाळून पुसतो आणि उघड्या तांब्यावर मायक्रोमीटर लावतो. मग सांगतो, ‘अठरा गेज आहे. तेवीसच्या चार घालतो.’ वेण्णाकाठचा शेतकरी मान डोलावतो, पण चार तेविसांची एक अठरा कशी झाली, हे त्याला कुणी सांगत नाही.

हे आकडे विजेच्या आधीचे आहेत. सोनार जशी भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढतो, तशीच इंग्लंडातले कारागीर लोखंडी सळई ओढत. एकेका भोकातून तार बारीक होत जाई आणि ओढीगणिक नंबर वाढे. म्हणून नंबर मोठा तितकी तार बारीक. गेज मुळात जाडीचं माप नव्हतंच. तो ओढींचा हिशेब होता. प्रत्येक कारखान्याच्या पट्ट्या वेगळ्या, त्यामुळे एकाच नंबरची तार दोन ठिकाणी दोन जाडीची निघे. ब्रिटिश सरकारने १८८३ साली हुकूम काढून स्टँडर्ड वायर गेज ठरवलं आणि १ मार्च १८८४ पासून ते लागू झालं. त्यात १८ नंबर म्हणजे ०.०४८ इंच, २३ नंबर म्हणजे ०.०२४ इंच.

कोडं इथंच सुटतं. तेवीसची जाडी अठराच्या बरोबर निम्मी आहे. जाडी निम्मी झाली की तोंडाचं क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून चार तारा लागतात. नंबरांची बेरीज-वजाबाकी इथं कामाची नाही, जाडीचा वर्ग धरावा लागतो. बावीसच्या तीन घेतल्या तरी अठराची भरपाई होते, किंचित जास्तच.

बारीक तारा जोडून घेतल्या की करंट जास्त झेपतो, असा एक समज आहे. पन्नास सायकलच्या विजेला तो लागू नाही; करंट झेपतो तो तांब्याच्या एकूण क्षेत्रफळावर. बारीक तारा घ्यायच्या त्या स्लॉटच्या अरुंद तोंडातून सहज उतराव्यात आणि वळताना इनॅमल तडकू नये म्हणून.

मग किती अँपिअर झेपतील? जेम्स जूल यांनी १८४१ साली दाखवून दिलं, की तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. म्हणजे प्रश्न मुळात तापण्याचा आहे. विलायती इंजिनिअरांचा केबलसाठीचा जुना ठोकताळा होता चौरस इंचाला हजार अँपिअर, म्हणजे चौरस मिलिमीटरला जेमतेम दीड. पुढे तारेवरच्या सुताच्या वेष्टनाची जागा इनॅमलने घेतली, मोटारीला पंखा लागला, आणि आज चौरस मिलिमीटरला चार ते सहा अँपिअर धरतात. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार साधारण साडेसात अँपिअर ओढते. डेल्टा जोडणीत त्यातले सव्वाचारच्या आसपास एका फेजच्या कॉइलमधून जातात. अठरा गेजचं क्षेत्रफळ १.१७ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर पावणेचारच्या आत येतो. मोटार सुखाने चालते.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तारेच्या रिळावर आज मिलिमीटर छापलेले असतात. कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली ती या कायद्यानंतर. तरीही विहिरी-नदीवरच्या मोटारी भरणाऱ्यांच्या तोंडी गेजच राहिलं. मला त्यात गैर काही दिसत नाही. नंबर जुना असला तरी हिशेब पक्का आहे.

धोका आहे तो चारच्या जागी तीन तारा घालण्यात. तांबं पाव भागाने घटतं, तेवढ्याच करंटला उष्णता एक तृतीयांशाने वाढते. वरून वार्निश सारखंच चकाकतं, आणि ऐन उन्हाळ्यात व्होल्टेज उतरलं की कॉइल काळी पडते. म्हणून मोटार भरायला टाकलीत तर लीड जोडण्याआधी एकदा दुकानात जा, आणि एका टोकाला किती तारा आहेत त्या स्वतः मोजा.