डोक्यावरची रेघ

उरणच्या करंजा बंदरात जून-जुलैला मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना रंग लागतो. एका उघडिपीच्या दुपारी मी तिथे होडीवर नाव घालणाऱ्या पेंटरच्या मागे तासभर उभा होतो. नाळेजवळ त्याने आधी एक आडवी रेघ मारली आणि तिला ‘द्रोणागिरी’ ही अक्षरं टांगत नेली. मग खाली नोंदणीचा क्रमांक रोमन लिपीत. ब्रश तोच, चपटा. पण आता प्रत्येक उभ्या दांडीच्या तळाशी तो क्षणभर थांबायचा, ब्रश जरासा आडवा फिरवायचा, आणि अक्षराला पाऊल फुटायचं.

त्या पावलाला सेरिफ म्हणतात. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर, इसवी सन ११३च्या लेखात, ते अत्यंत देखणं दिसतं. छिन्नीने दांडीचं टोक नीट करताना ते आलं, असं बराच काळ मानत. एडवर्ड कॅटिच या अमेरिकन पाद्र्याला ते पटेना. तरुणपणी त्याने शिकागोत पाट्या रंगवल्या होत्या. दगडावर आधी चपट्या ब्रशने अक्षरं रंगवत, छिन्नी मागून यायची, आणि पाऊल हे ब्रशच्या फिरण्याचंच, असं त्याने १९६८च्या आपल्या पुस्तकात मांडलं. मला त्याचं म्हणणं पटतं, कारण करंज्याला ते माझ्यासमोर घडलं.

पावलाची नक्षी व्हायला वेळ लागला नाही. चौथ्या शतकात पोप दमासससाठी संगमरवरावर लेख घडवणाऱ्या फिलोकॅलसने टोकांना वेलीसारखे फाटे फोडले. एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातवाल्यांना असली अक्षरं हवीच होती. १८२७मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी टाईप यंत्रावर कापायला सुरुवात केली आणि सर्कशीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत फाटेदार, ढेरपोटी, सावली पडलेली अक्षरं पसरली. आज ‘जुन्या वळणाचा’ म्हणून जो फॉन्ट मिळतो तो बहुधा याच घराण्यातला.

मग आपल्या अक्षरांना पाऊल का नाही? माझं म्हणणं असं, की आपलंही टोक सजलं, फक्त ते डोक्याला सजलं. नालासोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेख पाहावा. त्यातली ब्राह्मी सरळसोट आहे, सगळीकडे सारख्या जाडीची, बोडकी. पुढे लेखणी टेकल्याचा ठिपका अक्षराच्या माथ्यावर उमटू लागला आणि लिहिणाऱ्यांना तो आवडला असावा. कुठे तो खिळ्याच्या डोक्यासारखा झाला. विदर्भात वाकाटकांच्या ताम्रपटांत तर प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर चक्क एक छोटी चौकोनी पेटी बसली. लिपीचे अभ्यासक तिला पेटिकाशीर्षक म्हणतात. सजवलेल्या सेरिफचं महाराष्ट्रातलं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही, आणि काळही फिलोकॅलसच्या मागोमागचाच. पेटी मागे पडली, पण माथ्याची खूण रुंदावत गेली, शेजारच्या खुणेला भिडली. तिचीच शिरोरेघ झाली.

नागरीने असं रूप धरल्यानंतरच्या काळातले दगड उरणच्याच मातीत निघाले. करंज्याला लागून असलेल्या चाणजे गावातला अपरादित्य शिलाहाराचा लेख शके १०६०चा, म्हणजे इसवी सन ११३८चा. त्याच घराण्यातल्या सोमेश्वराचे दोन लेखही याच परिसरातले, रानवडचा शके ११८१चा आणि चाणज्याचा शके ११८२चा. ज्या गावात पेंटर आधी रेघ मारतो, तिथल्या अक्षरांचा इतिहास इतका मागे जातो.

छपाईत या वळणाचा मान राखला तो जावजी दादाजींच्या निर्णयसागरने. १८६९च्या या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे ठसे कोरले, त्यांत तिरक्या कापलेल्या बोरूची जाड-बारीक लय शिशात उतरली. बोरूचा तिरकेपणा आपल्याकडे रोमनच्या उलट असतो. रोमनमध्ये डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड, नागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. म्हणून दोन्ही लिप्या एका पाटीवर आल्या की एकीला दुसरीपुढे वाकावं लागतं, आणि सहसा वाकते ती नागरी. कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा फॉन्ट मला याच कारणाने प्रिय आहे. मुंबईच्या लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो घेतला, आणि त्यातली रोमन अक्षरं नागरीच्या कलाने फिरवली.

अशी सजवलेली अक्षरं मोठ्या आकारातच शोभतात. बारीक छापली की जाड रेघेतली पोकळी बुजते, बारीक रेघ तुटते, आणि दोन ओळींनंतर डोळा थकतो. उरणातल्या लग्नपत्रिका मी याच नजरेने पाहतो. कुलदेवतेचं नाव वर ठसठशीत, वळणदार, सोनेरी असावं. हळद कुठल्या पाड्यात, किती वाजता, हे मात्र साध्या टाईपात, म्हाताऱ्या आत्यालाही चष्म्याविना वाचता येईल असं.