धापेला भिऊन बसू नका

वाचकहो, पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याला जा, नाहीतर पारनेर तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्या गावी जा. ओट्यावर धापा टाकीत बसलेले एखादे आजोबा नाहीतर आजी दिसायचीच. घरची माणसं म्हणतात, "आता तुम्ही उठू नका, नुसते बसा." या सांगण्यात माया आहे, पण शहाणपण किती? याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

छातीच्या रोग्याला अंथरुणावर पडून राहायला सांगायचं, ही वैद्यकाची जुनी रीत. तिच्याविरुद्ध अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरचे डॉक्टर चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ सालीच व्यायामाची बाजू मांडणारं पुस्तक लिहिलं. ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. पुढे १९५२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टर बॅराक यांनी, धाप लागणारे रोगी हळूहळू चालण्याचा सराव करून सुधारतात, असं लिहिलं. १९६० नंतर डेन्व्हरलाच डॉक्टर टॉमस पेटी यांनी व्यायाम, श्वासाचं शिक्षण आणि औषध यांची सांगड घातली. २०१५ साली ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला आणि व्यायामाचा गुण पक्का ठरला.

आपल्याकडे काय होतं म्हणाल, तर १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापलं. प्राणायाम त्यांनी नुसता शिकवला नाही, प्रयोगशाळेत मोजून पाहिला. प्राणायामाने खूप जादा प्राणवायू मिळतो, ही लोकांची समजूत त्यांनी मोजमापानं खोडून काढली. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हा त्यांचा धडा मोलाचा.

आता व्यायामानं होतं काय? खराब झालेलं फुप्फुस त्यानं पुन्हा नवं होत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. पण बसून बसून पायांचे स्नायू खंगतात. मग चार पावलांतच धाप लागते. धापेच्या भीतीनं माणूस आणखी बसतो. या चक्रात तो अडकतो. रोज थोडं चाललं की स्नायूंना बळ येतं, आणि तेवढ्याच कामाला श्वास कमी लागतो. सहा-आठ आठवड्यांत फरक जाणवू लागतो. सोडला, की मात्र कमावलेलं हळूहळू जातं.

रीत साधी आहे. आधी डॉक्टरांना दाखवावं. मग सपाट जागी, जमेल तेवढंच चालावं. श्वास नाकानं घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडावा. धाप लागली तर थांबावं, पण उद्या पुन्हा निघावं. श्वास कोंडून धरण्याच्या भानगडीत पडू नये. छातीत दुखलं किंवा घेरी आली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

आणखी एक. हा विकार बिडी ओढणाऱ्यालाच होतो असं नव्हे. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या, बिडीला कधी न शिवलेल्या बायांनाही तो जडतो. २०१६ साली उज्ज्वला योजनेनं गॅस घरोघर आणायला सुरुवात झाली. पण टाकी संपली की पुन्हा लाकडं पेटतात. तेव्हा धूर घराबाहेर जाईल अशी सोय करा, आणि बिडी सोडा.

गुरुजींनो, एवढं मुलांना सांगा. आजोबांचा हात धरून त्यांना देवळापर्यंत नेणं मुलांना सहज जमेल, आणि आजोबांचंही त्यात भलं होईल.