बुधवार पेठेतील घर आणि त्याचा क्रमांक

आज जिला आपण बुधवार पेठ म्हणतो, ती औरंगजेबाच्या काळी मुहियाबाद होती. पेशव्यांचा बुधवार वाडा १८७९ च्या आगीत भस्मसात झाला. ज्या भिडे वाड्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडण्यात आला. नावे पालटतात, वास्तू जातात. दप्तरातील क्रमांक मात्र मागे राहतो.

खेड्यातील शेत गावाचे नाव व गट क्रमांक सांगितला म्हणजे सातबाऱ्यावर सापडते. पेठेतील घराचा शोध मिळकत-पत्रिकेत घ्यावा लागतो. त्यास पेठेचे नाव व नगरभूमापन क्रमांक, म्हणजेच लोकांच्या तोंडचा ‘सिटी सर्व्हे नंबर’, लागतो. वाटण्या झाल्या म्हणजे मूळ क्रमांकास अ, ब, १, २ असे पोटभाग जडतात. एक अक्षर चुकले तरी शेजाऱ्याची पत्रिका हाती येते. महापालिकेच्या करपावतीवरील क्रमांक निराळा, हेही ध्यानी ठेवावे. २०२१ साली केंद्र शासनाने प्रत्येक भूखंडास १४ अक्षरांकांची ओळख देण्याची योजना आणली. परंतु पत्रिकेवर वारसांची नावे चढविणे हे ज्याचे त्यानेच करावयाचे काम होय.

आपली कित्येक कुटुंबे पेठ सोडून उपनगरांत गेली. वाड्याची आठवण राहिली, पण पत्रिकेवर नाव आजोबांचेच राहिले, तर पुनर्बांधणीच्या वेळी नातवंडांचा हक्क वादात सापडतो. म्हणून कुलवृत्तांतात पूर्वजांच्या नावांशेजारी हा क्रमांकही लिहून ठेवावा, अशी ज्ञातिबांधवांस आमची आग्रहाची विनंती आहे.