साडेचार किलोंचा सहप्रवासी

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा पहिला स्पुट्निक आकाशात चढला. त्याची टिपटिप मोठमोठ्या वेधशाळांनी ऐकली, तशीच घरोघरच्या हौशी बिनतारीवाल्यांनीही ऐकली. मात्र ऐकणे तेवढे त्यांच्या वाट्याचे. आकाशातून बोलण्याचा मान सरकारांचा. श्रोतेहो, हा भेद काही माणसांना खटकला, आणि तेथूनच आजची हकीकत सुरू होते.

१९५९ साली अमेरिकेतील डॉन स्टोनर या हौशी बिनतारीतज्ज्ञाने एका मासिकात लेख लिहून, आपण स्वतःचा उपग्रह का बांधू नये, असा प्रश्न टाकला. कोणाजवळ एखादा अग्निबाण फाजील पडला आहे काय, अशी मिस्किल पृच्छाही केली. कॅलिफोर्नियातील काही मंडळींनी ही थट्टा मनावर घेतली आणि 'ऑस्कर' योजना जन्मास आली. अग्निबाण बांधणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. परंतु वायुदलाच्या अग्निबाणात तोल राखण्यासाठी नुसते वजन ठेवीत असत. त्याच्या जागी आमची पेटी ठेवा, एवढीच त्यांची मागणी होती.

फावल्या वेळात खपून त्यांनी सुमारे साडेचार किलोंची पेटी सिद्ध केली. आत बॅटरी आणि एक लहानसा प्रेषक. त्याची शक्ती सुमारे १४० मिलिवॅट, म्हणजे विजेरीच्या दिव्याहूनही कमी. ही पेटी मोर्स लिपीत 'एच' आणि 'आय' ही दोनच अक्षरे उच्चारी: चार टिंबे, मग दोन टिंबे. बिनतारीवाल्यांच्या परिभाषेत हे हसणे होय. पण त्या हसण्यातही शास्त्र होते. पेटीच्या आतले तापमान बदले, तसा टिंबांचा वेग बदले. साधा ग्राहक आणि हातात घड्याळ असले की कोणालाही अवकाशातील उष्णतामान काढता येई.

१२ डिसेंबर १९६१ रोजी व्हॅन्डेनबर्ग तळावरून थॉर-अजेना अग्निबाण सुटला. त्याचा मुख्य भार 'डिस्कव्हरर ३६'. तो जगाला शास्त्रीय म्हणून सांगितला गेला. प्रत्यक्षात त्यात हेरगिरीचा कॅमेरा होता. हे गुपित सरकारने १९९५ साली उघड केले. एकाच वाहनातले हे दोन प्रवासी पाहा! एकाने जे पाहिले, ते तीन दशकांहून अधिक काळ कुलपात राहिले. दुसऱ्याने जे सांगितले, ते त्याच क्षणी सर्वांचे झाले. २८ देशांतील ५७० हून अधिक हौशांनी आपापल्या नोंदी पाठविल्या.

सुमारे तीन आठवड्यांनी आवाज थांबला, आणि ३१ जानेवारी १९६२ रोजी पेटी वातावरणात शिरून नष्ट झाली. परंतु वाट पडली होती. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने आपला 'हॅमसॅट' नेला, तो याच वाटेने.

अग्निबाण सरकारचा होता, हे विसरून चालणार नाही. सामान्य माणसाला तिजोरीची गरज लागतेच. पण त्या वाहनावर चढून काय बोलायचे, हे त्या मंडळींनी स्वतः ठरविले, आणि साऱ्या जगाला ऐकू जाईल असे बोलले. आमच्या मते खरा पराक्रम तो.