संथ खेळ : दुबळ्या संघाचं हत्यार

'बझरबीटर' या ऑनलाइन खेळात आपण बास्केटबॉल संघाचे मॅनेजर असतो. सामन्याआधी चढाईची पद्धत ठरवायची : 'रन अँड गन' वेगवान, 'प्रिन्स्टन' संथ. समोरचा संघ तगडा असेल तर काय निवडावं? उत्तर इतिहासात आहे.

२२ नोव्हेंबर १९५०. फोर्ट वेन पिस्टन्सपुढे जॉर्ज मायकनचा मिनिॲपोलिस लेकर्स. पिस्टन्सनी चेंडू नुसता धरून ठेवला आणि १९-१८ असा सामना जिंकला! असल्या खेळाला आळा घालायला एनबीएत १९५४ मध्ये २४ सेकंदांचा नियम आला. पण संथपणा संपला नाही. कॉलेजच्या खेळात पुढे ३५ सेकंद मिळत. १९९६ मध्ये पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टन विद्यापीठाने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. आपल्या पर्यायाचं नाव याच विद्यापीठाचं.

कारण साधं आहे. चढाया जितक्या कमी, तितकी बलवानाला बळ दाखवायची संधी कमी आणि नशिबाला वाव जास्त. म्हणून आपण वरचढ असू तर वेग घ्यावा. कमकुवत असू तर सामना आखडावा. मात्र 'प्रिन्स्टन'ला लांबून नेम साधणारे खेळाडू लागतात. आपले उंच गडी बास्केटजवळच भारी असतील, तर संथपणासाठी 'लो पोस्ट' बरा. नाव बघून नव्हे, आपली माणसं बघून निवडायचं.