सुप्याची आग : उद्देश आणि हेतू

१/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. मागणी होती कर्जरोख्यांची आणि खातेवह्यांची. हाती आलेले कागद जाळले गेले. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले.

२/ १८६० च्या दंडसंहितेचे कलम ४७७ स्पष्ट होते. कुणाचे नुकसान करण्याच्या उद्देशाने रोखा नष्ट करणे हा जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा. उद्देश सिद्ध झाला की पुरे. त्यामागचा हेतू, म्हणजे फुगलेले व्याज आणि जमीन जाण्याचे भय, हा बचाव ठरत नसे. दोन्ही जिल्ह्यांत ९५१ जणांना अटक झाली.

३/ चौकशी आयोगाने मात्र हेतूची दखल घेतली. रोखे निमूटपणे दिले, तर जमाव सहसा पुढे काही करत नसे, असे त्याने नोंदवले.

४/ पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावरील आकडा अंतिम न मानता मूळ व्यवहार तपासण्याचे काम न्यायालयाकडे आले. कर्जापायी शेतकऱ्यास होणारी कैद थांबली.

५/ हेतूने गुन्हा पुसला गेला नाही. मात्र ज्या कागदाला आग लागली, त्याचा दरारा कायद्यानेच कमी केला.